एक पंचमांश विहीर

फैजपूर-सावद्याकडे माणूस गेला की दहावं नदीकाठी होतं, गंधमुक्ती दारातल्या मांडवात होते आणि त्यापुढचं कार्य तलाठ्याच्या टेबलावर होतं. सरकारने तलाठ्याचं नाव बदलून ग्राम महसूल अधिकारी केलं, पण त्याच्याकडे जाणाऱ्यांच्या चालीत फरक पडलेला नाही. घरातून निघताना माणूस 'जरा बाहेर जाऊन येतो' एवढंच म्हणतो. डोक्याचे केस अजून वाढायचे असतात, खिशात मृत्यूचा दाखला आणि त्याच्या झेरॉक्स असतात. तिथे पोचल्यावर कळतं की धाकटा सकाळीच येऊन गेलाय.

वारसांनी तीन महिन्यांच्या आत कळवावं, असं कायदा सांगतो. तीन महिने बहुधा दुःखासाठी ठेवले असावेत. आमच्याकडे ते दुःख आणि फेरफार एकदमच आटोपतात.

आता समजा, एक कुटुंब आहे. नावं सांगत नाही. फैजपूरच्या कुठल्याही गल्लीत उभं राहून हाक मारा, दोन घरं तरी ओ देतील. मोठे नाना, मधले आप्पा, पुण्याला नोकरीला असलेला धाकटा भाऊ, सावद्याला दिलेली ताई आणि आई. वडील गेले; मागे चार एकर केळीची जमीन, गावात धाब्याचं घर आणि शेतात एक विहीर. विहीर लक्षात ठेवा. या गोष्टीत सगळ्यात खोल तीच आहे.

नाना आजवर सातबाऱ्यावर 'ए.कु.मॅ.' होते. एकत्र कुटुंब मॅनेजर. हा हुद्दा देणारी कंपनी कुठेही नोंदलेली नसते, पगार नसतो, राजीनामा देता येत नाही आणि इतर संचालकांना वीस वर्षं वाटत असतं की मॅनेजर पैसे खातोय. नानांना वाटतं, आपण हाडाची काडं केली. आप्पांना वाटतं, हाडं नानांची असतील पण काडं आमची झाली. दोघेही बरोबर असतात, आणि तिथेच पंचाईत आहे. एक जण खोटं बोलत असता तर काम सोपं होतं.

जुन्या उताऱ्यांवर हिस्से आणे-पैत लिहिलेले दिसतात. तीन भाऊ असले की प्रत्येकी पाच आणे चार पै. १९५७ मध्ये देशातून आणे गेले, नया पैसा आला, पुढे तोही गेला. पण दप्तरात सोळा आण्यांचा रुपया अजून जिवंत आहे आणि माणसं त्यातल्या चार पैंसाठी हजारो रुपये मोडतात.

लोकांना वाटतं, असं भांडण जमिनीवरून सुरू होतं. अजिबात नाही. ते भांड्यांवरून सुरू होतं. गंधमुक्तीची पंगत उठते, मोठी पातेली धुऊन पालथी घातली जातात आणि मधल्या सूनबाई एक पितळी हंडा उन्हात धरून तिरका करतात. कडेखाली बारीक ठिपक्यांनी नाव कोरलेलं असतं. नाव अर्धं झिजलेलं, साल मात्र ठळक. तो हंडा कोणाच्या माहेरचा, कोणाच्या लग्नातला, यावर दोन्ही जावा एकमेकींकडे न बघता, हंड्याकडेच बघत बोलतात. "मी काय म्हनते, हंड्याचं काय एवढं!" असं एकजण म्हणते. हे वाक्य कानावर पडलं की जाणत्या शेजाऱ्याने चहाला थांबू नये. हंड्याचं काही नाही असं ज्या घरात म्हणतात, त्या घरातली शेतजमीन सहा महिन्यांत कोर्टात जाते.

गावातली चार शहाणी माणसं मग बैठक घेतात. जुन्यांची रीत साधी आणि फार हुशारीची होती: मोठ्याने वाटे पाडायचे आणि धाकट्याने आधी उचलायचं. मोठ्याचा हात आपोआप सरळ पडतो. त्यात 'सरस-निरस' बघायचं असतं. म्हणजे चांगली जमीन एकाच्या आणि नाल्याकडची एकाच्या असं न करता दोन्हीची मिसळ करायची. या बैठकीत मी एक चमत्कार नेहमी बघत आलो आहे. विहिरीजवळचा, रस्त्याला लागून असलेला तुकडा ज्याला हवा असतो तो अचानक त्या तुकड्याची निंदा करू लागतो. "तिकडं काय आहे? खडक आहे निस्ता. पन जाऊ द्या, मी मोठा आहे, मीच घेतो तो." एवढा त्याग पाहून आप्पांचेही डोळे भरून येतात आणि तेही म्हणतात, की नाही नाही, नानांनी आयुष्यभर सोसलं, खडकाचा तुकडा मीच घेईन. पुण्याहून आलेला धाकटा मोबाइलवर नकाशा उघडून विचारतो, खडक नक्की कुठे आहे? बैठक मोडते.

इथून पुढे कायदा सुरू होतो, आणि कायद्याचा एक स्वभाव आहे. तो अपूर्णांकात बोलतो. माणसं मात्र भांडतात पूर्णांकासाठी. एक विहीर, एक ओटा, एक दार, एक देव्हारा, एक आई. तीनाने भाग न जाणाऱ्या वस्तूच नेमक्या घरात असतात.

वकील पहिल्या भेटीत कागदावर जे गणित करतात ते बघण्यासारखं असतं. वडील गेले त्याच्या आदल्या क्षणी वाटणी झाली असं धरायचं. वडील, आई, तीन मुलगे, एक मुलगी: सहा वाटे. प्रत्येकी एक षष्ठांश. मग वडिलांच्या एक षष्ठांशाचे पाच वारसांत पाच भाग, म्हणजे प्रत्येकी एक तिसांश. एक षष्ठांश अधिक एक तिसांश. वकील चष्मा वर करतात, पेन थांबवतात, उत्तर येतं: एक पंचमांश. पाच माणसं, पाच सारखे वाटे. हे आईने चुलीपाशी बसून मघाशीच सांगितलं होतं. पण तिची फी नसल्यामुळे कोणी ऐकलं नाही.

हे गणित पूर्वी इतकं गोड सुटत नसे. सांगलीच्या मगदूम कुटुंबाचा खटला वकिलीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. खंडाप्पा मगदूम १९६० मध्ये वारले. मागे पत्नी हिराबाई, दोन मुलगे, तीन मुली. हिराबाईंनी सांगलीच्या कोर्टात वाटणीचा दावा लावला. समोर प्रतिवादी कोण, तर पोटचा मुलगा गुरुपाद. हिराबाईंचं म्हणणं, माझा हिस्सा सात चोविसांश. खालच्या कोर्टाने एक चोविसांश दिला. मुंबई उच्च न्यायालयाने सात चोविसांश दिला. गुरुपाद दिल्लीला गेले आणि १९७८ मध्ये सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी सांगितलं, आई म्हणते तेच बरोबर, सात चोविसांश. नवऱ्याच्या मरणाच्या आदल्या क्षणीची कल्पित वाटणी कागदावरच मानायची पण शेवटपर्यंत मानायची, हा धडा अख्ख्या देशाला एका आईने दिला. आज मुलीही जन्मापासून वाटेकरी धरल्या जातात. त्या हिशेबाने तेच कुटुंब मांडलं तर सहाही जणांना सरळ एक षष्ठांश येतो. म्हणजे कायद्याने साठ वर्षं घासून शेवटी समान वाटप गाठलं. मुलांच्या खाऊचे लाडू वाटताना कुठलीही आई ते पहिल्या दिवशी करते.

ताईकडे वळायला हवं. तिचं माहेरपण म्हणजे आखाजी. खान्देशात अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात, आंबरस होतो. पूर्वी निघताना तिच्या हातात साडी पडायची. मग एक वर्ष असं आलं, की साडीखाली एक कागद होता. "ताई, इथं सही कर. तलाठ्याले लागते. तुले काय पाहिजे जमिनीचं, तू तर तुझ्या घरी सुखी आहेस." ती बिचारी सुखी आहे की नाही हे बारा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं, हक्कसोड लिहिताना मात्र सगळ्यांची खात्री होती.

महाराष्ट्राने १९९४ मध्येच मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलग्यांबरोबर वाटा दिला, केंद्राच्या दहा-अकरा वर्षं आधी. फक्त त्या साली २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलीला त्यात जागा नव्हती. त्यामुळे काही घरांत बहिणीची लग्नपत्रिका अचानक लोखंडी कपाटात, सोन्याच्या शेजारी जाऊन बसली. मग ९ सप्टेंबर २००५ आली आणि केंद्राच्या दुरुस्तीने लग्नाची ती अट निकालात काढली. त्यानंतर वडील त्या तारखेला जिवंत होते का, यावर पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने विनीता शर्मा खटल्यात सांगितलं, की वडील तेव्हा जिवंत असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे.

मग भावांना एक सोय आठवली. २० डिसेंबर २००४ च्या आधी झालेली वाटणी उकरता येत नाही. लगेच गावोगाव म्हाताऱ्यांची स्मरणशक्ती सुधारली. सकाळी गोळी घेतली की नाही हे न आठवणारे काका शपथेवर सांगू लागले, की १९९८ च्या पोळ्याला संध्याकाळी, बैल घरी आल्यावर, ओट्यावर तोंडी वाटणी झाली होती. मी तिथं होतो, चहा गुळाचा होता. कायद्याने मात्र नोंदणीचा कागद किंवा कोर्टाचा हुकूमनामा मागितला. नुसत्या तोंडी वाटणीकडे तो फार संशयाने बघतो. गुळाच्या चहाचा दाखला कुठल्याच कार्यालयात मिळत नसल्याने काकांची साक्ष उलटतपासात विरघळली.

ताईचं महत्त्व वाढायला आणखी एक कारण आहे. १९९४ मध्येच राज्य सरकारने मिळकतीच्या वादात बाईला कोर्ट फी माफ केली. हे कळल्यापासून ज्या आप्पांनी आखाजीला कागद पुढे केला होता तेच आप्पा नारळ आणि पेढे घेऊन सावद्याला गेले. "ताई, तुझ्यावर अन्याय झाला आहे." कोणी केला ते त्यांनी सांगितलं नाही. दावा ताईच्या नावाने लागला. वादी ताई, मागून चावी देणारे आप्पा, आणि तांत्रिक गरज म्हणून प्रतिवादी क्रमांक दोनही आप्पाच. स्वतःवरच दावा लावून स्वतःच कैफियत द्यायची आणि त्यात 'वादीचे म्हणणे मान्य' असं लिहायचं, ही कला फक्त वाटणीच्या दाव्यात जमते. शिवाय एसटीत बायकांना अर्धं तिकीट. आईला पंचाहत्तरीमुळे तिकीटच नाही. स्त्रीशक्ती इतकी स्वस्त पडेल असं आप्पांना आधी माहीत असतं, तर त्यांनी ताईला पहिल्या दिवसापासून मान दिला असता.

धाकट्याचा मुद्दा वेगळाच निघाला. नानांच्या कैफियतीत एक परिच्छेद होता: भाऊच्या इंजिनिअरिंगची फी केळीच्या पैशातून भरली, सबब त्याच्या पगारात कुटुंबाचा हिस्सा आहे. वाचून हसू नका. शे-सव्वाशे वर्षांपूर्वी कोर्टं यावर गंभीरपणे डोकं खाजवत असत. एकत्रातल्या पैशाने विशेष विद्या शिकलेल्या माणसाची कमाई एकत्राची, असं धरलं जाई. शेवटी बॅरिस्टर मुकुंदराव जयकरांनी विधेयक आणलं आणि १९३० चा कायदा झाला: विद्येची कमाई ज्याची त्याची. तो कायदा नसता तर हिंजवडीतल्या निम्म्या पगारांवर खान्देशातल्या बांधावरून दावे लागले असते. नानांचा तो परिच्छेद वकिलाने खोडला. नानांनी तो तोंडपाठ केला आणि तेव्हापासून प्रत्येक लग्नात म्हणून दाखवतात.

फैजपूरचं एक भाग्य म्हणजे प्रांताधिकाऱ्यांचं कार्यालय गावातच आहे. फेरफाराविरुद्धचं अपील घरच्या अंगणात. चहा पिता पिता जाऊन येता येतं. पण फेरफाराने मालकी ठरत नाही, तो साऱ्यापुरता कागद, असं प्रत्येक साहेब प्रत्येकाला सांगतो आणि प्रत्येक जण मान डोलावून पुढच्या खिडकीवर फेरफाराची नक्कल मागतो. मालकीसाठी दिवाणी कोर्ट. ते यावलला.

दाव्यात जमिनीची किंमत लिहायची वेळ येते तेव्हा नाना, आप्पा, भाऊ यांच्यात आयुष्यातलं पहिलं एकमत होतं. बैठकीत हीच जमीन 'आजच्या भावाने कोटीच्या खाली नाही' अशी होती. कोर्टात शेतजमिनीची किंमत शेतसाऱ्याच्या पटीत लावतात, आणि सारा आहे पाच रुपये काही पैसे. त्यामुळे दाव्यात या जमिनीसमोर जो आकडा पडतो तेवढ्यात सावद्याच्या बाजारात केळीचं एक चांगलं खोडही कोणी उभं करून देणार नाही.

तारखेचा दिवस. बऱ्हाणपूर-अंकलेश्वर रस्त्यावरून जाणारी सकाळची एसटी. वादी, प्रतिवादी, साक्षीदार सगळे त्याच गाडीत, कारण नंतरची गाडी पुकारा झाल्यावर पोचते. नाना पुढे, आप्पा मागे, मध्ये आई. आई दोघांना शेंगदाण्याचा लाडू देते आणि दोघेही खिडकीबाहेर बघत खातात. कोर्टाच्या आवारात मी एकदा जवळून पाहिलेलं दृश्य सांगतो. दोन भाऊ एकाच बाकाच्या दोन टोकांना बसले होते. आठ वर्षं बोलणं बंद. थोरल्याने तळहातावर तंबाखू घेतली, खिसे चाचपले, चुना नव्हता. त्याने कोणाकडे मागितला नाही. धाकट्याने नजर समोरच्या भिंतीवर ठेवून चुन्याची डबी बाकावर मध्ये सरकवली. थोरल्याने बोटावर चुना घेतला, डबी परत मध्ये ठेवली, तंबाखू मळली, आणि चिमूटभर बाकावरच्या कागदावर काढून ठेवली. धाकट्याने ती उचलली. मग पुकारा झाला आणि दोघेही आत जाऊन एकमेकांविरुद्ध तूर्तातूर्त मनाईच्या अर्जावर उभे राहिले. वकिलांनी मुदत मागितली. मिळाली.

मुदत का मागावी लागते याची कारणं थोर आहेत. कधी समन्स लागलेलं नसतं, कधी म्हणणं दिलेलं नसतं, कधी साहेबांची बदली. आणि अधूनमधून पक्षकारच वारतो. मग नव्वद दिवसांत त्याचे वारस रेकॉर्डवर आणायचे. कुणाचे तरी नाना जातात, त्यांच्या जागी एक-अ, एक-ब, एक-क येतात. पुढे एक-ब जातो, त्याची पोरं एक-ब-एक, एक-ब-दोन. असं करत करत घराण्याची वंशावळ शेवटी कोर्टातच पूर्ण होते. गावातल्या लग्नात मला एका तरुणाने ओळख करून दिली, "काका, ओळखलं नाही? मी तीन-अ-दोन." ओळखलं की! तीन-अ माझ्या वर्गात होता.

मिताक्षरेने तर गर्भातल्या बाळालाही वाटा ठेवला आहे. विज्ञानेश्वराने नऊशे वर्षांपूर्वी जन्मतः हक्क मांडला तेव्हा त्याला कल्पना नसेल, की यावलच्या तारखेला एखादा जण जन्मतः हजर राहील.

निकाल लागला की संपलं, असं पुण्याच्या धाकट्याला वाटतं. तो केळी विसरला. केळीचा नवतीचा घड कापला तरी बुंध्याशी पील उभंच असतं. खोड कापायच्या आधीच ते कमरेएवढं झालेलं असतं. केळीला पील, दाव्याला अपील. भुसावळ, मग दुसरं अपील औरंगाबाद खंडपीठात, मग कोणाच्या केळीला चांगला भाव आला असेल तर दिल्ली. आणि हे सगळं प्राथमिक हुकूमनाम्याचं. तो फक्त सांगतो, की तुझा एक पंचमांश. कुठला एक पंचमांश, हे ठरायला कागद कलेक्टरांकडे जातात, तिथून तहसीलदारांकडे, तिथून भूमी अभिलेखकडे.

याच फैजपुरात २७ आणि २८ डिसेंबर १९३६ ला काँग्रेसचं अधिवेशन भरलं होतं. खेड्यात भरलेलं पहिलं. नेहरू अध्यक्ष, धनाजी नाना चौधरींनी रान उठवलेलं, नंदलाल बोसांनी बांबू-कामट्यांतून सजवलेलं टिळकनगर. त्या दोन दिवसांत अख्ख्या देशाच्या शेतकऱ्यांसाठी कार्यक्रम ठरला: सारा कमी करा, खंड कमी करा, कर्जाचा बोजा हलका करा. दोन दिवसांत आमच्याकडे बेलीफाला पत्ता सापडत नाही. त्या कार्यक्रमात सहकारी शेतीचाही प्रयत्न व्हावा, असं एक कलम होतं. ठराव मांडणाऱ्यांनी देशभरातल्या परिस्थितीचा अभ्यास केला होता यात शंका नाही. फक्त मांडवाबाहेर येऊन शेजारच्या दोन सख्ख्या भावांना एकत्र पाणी भरताना बघायचं राहून गेलं असावं.

मोजणीचा दिवस हा या सगळ्यातला खरा सण. परवा-परवापर्यंत मोजणीच्या जाती होत्या: साधी, तातडीची, अतितातडीची. वीस वर्षं चाललेल्या दाव्यात भाऊ अतितातडीची फी भरत. सरकारी माणूस यंत्र घेऊन येतो. पूर्वी साखळी असायची, ती ओढायला दोन्हीकडचे हात लागायचे आणि साखळी ताणताना कोण किती ताणतोय यावर वेगळं भांडण व्हायचं. आता यंत्र उपग्रहाशी बोलतं. उपग्रह कोणाच्याच सोयऱ्यातला नसल्याने दोघेही त्याच्यावर नाराज. खूण पडते. आप्पांच्या लक्षात येतं, की बांध आपल्या शेतात एक तासभर सरकलेला आहे, म्हणजे नांगराचा एक फेर. दरवर्षी थोडा थोडा कोरत. नाना म्हणतात, बांध नाही सरकला, शेत सरकलं. त्यानंतर आप्पांनी जे म्हटलं ते मी इतक्या वेळा, इतक्या जणांकडून ऐकलं आहे, की ते वाटणीच्या प्रत्येक दाव्याचं पहिलं कलम असायला हरकत नाही: "मले काही नको. पन त्याले एक तास बी जास्त जाऊ देनार नई."

यात जमीन कुठे आहे? एक तास म्हणजे वीतभर माती. त्यात केळीचं एक झाड मावत नाही. त्यात मावतं ते असं, की वडिलांनी १९८७ मध्ये सायकल नानांना घेतली, आप्पांना नाही. जगात याहून जुनं उदाहरण आहे. गिनीज बुकाने सर्वांत दीर्घ खटला म्हणून पुण्याकडच्या थोरातांचा नोंदवला होता: मालोजी थोरातांनी १२०५ मध्ये मांडलेल्या वादाचा निकाल त्यांच्या वंशजाला १९६६ मध्ये मिळाला. सातशे एकसष्ट वर्षं. विषय शेत नव्हतं, सोनं नव्हतं. समारंभात अध्यक्षपद कोणाचं आणि उत्सवात आधी मान कोणाचा, एवढंच. आप्पांच्या सायकलीला अजून चाळीस वर्षंही झालेली नाहीत. आपण उगाच घाई करतोय.

तर शेवटी आमचं हे कुटुंब लोकअदालतीत आलं. तिथे तडजोड झाली की अपील नाही आणि पील खुंटतं, म्हणून वकील जरा हिरमुसलेले होते. पण जमीन सुटली. चिठ्ठ्या टाकल्या. घर सुटलं, ओटा सामाईक, दार नानांकडे, मागचं दार आप्पांना नवीन पाडायचं. हंडा ताईने मागितला आणि सगळे गप्प झाले, कारण ठिपक्यांतलं ते अर्धं नाव नीट लावून वाचलं तर तिच्या आजीचं होतं. पुरसीस टाइप होत आली. राहिली विहीर.

एक पंचमांश विहीर कशी द्यायची? खोलीचे भाग पाडता येत नाहीत. तळातलं पाणी कोणाला आणि वरचा कोरडा कठडा कोणाला? मग वकिलांनी नेहमीचा उपाय काढला: पाण्याच्या पाळ्या. आठवड्याचे वार वाटून घ्या. नाना सोमवार, आप्पा मंगळवार, भाऊ बुधवार, ताई गुरुवार, आई शुक्रवार. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि शनिवार-रविवार? सात भागिले पाच. वकिलांनी पुन्हा कागद ओढला. दिवसाचे तास, तासाची मिनिटं. प्रत्येकी तेहतीस तास छत्तीस मिनिटं. त्यात आमच्या फिडरवर दिवसाची लाईट नेमकी शनिवारी-रविवारी. बाकीच्या दिवशी रात्री बारानंतर मोटार चालू करायला जायचं, बिबट्या असेल तर त्याला विचारून. म्हणजे बाकीच्या पाच वारांना तसा काही अर्थच नव्हता. नाना उठून उभे राहिले. आप्पाही उठले. सायकल आली. इंजिनिअरिंगची फी आली. पॅनलवरच्या साहेबांनी पाण्याचा ग्लास उचलला.

आई इतका वेळ भिंतीशी पदर सावरून बसली होती. तिने विचारलं, "शनवार-रईवार कोनाचेच नई ना?"

नाही, वकील म्हणाले.

"मंग ते बी माहेच. लाईट असली की ज्याले पानी पाहिजे त्यानं सकाळी घरी यावं, चहा प्यावा अन् मले विचारावं. जो आदल्या आठवड्यात भावाशी बोलला नसंल त्याले भेटनार नई."

तिन्ही भाऊ एकमेकांकडे बघायला लागले. हरकत घ्यायला कोणाला मुद्दा सापडेना. कारण हरकत घेणाऱ्याला शनिवारी पाणी मिळणार नव्हतं. साहेबांनी ग्लास खाली ठेवला आणि म्हणाले, लिहून घ्या. टायपिस्टने 'कलम ९' टाइप केलं आणि थांबला. 'भावाशी बोलला नसल्यास' यासाठी पुरावा काय धरायचा, फोन धरायचा की समक्ष, आणि नुसतं चुन्याची डबी सरकवणं बोलण्यात मोडतं का, हे दोन्ही बाजूंच्या वकिलांनी आपसांत हळू आवाजात बोलून घेतलं. मग दोघेही उभे राहिले आणि एवढ्या एका कलमापुरती पुढची तारीख मागितली.